भिंतीची छत्री

माणूस चांगला होता, असं मी लिहिणार नाही. तसं मेलेल्या माणसाबद्दल लिहितात, आणि आमचे मालक चांगले धडधाकट आहेत. कर्जतची चाळ पुतण्याच्या गळ्यात घालून ते अलिबागच्या पलीकडे कुठेतरी, समुद्राला लागून राहायला गेलेत. का जाताय म्हणून विचारलं तर म्हणाले, "खाऱ्या वाऱ्याचं बघायचं राहिलंय." ह्या वयात माणसं काशीला जातात, लेकीकडे जातात. हे खारा वारा बघायला गेले. तिथल्या शेजाऱ्यांची मला आत्तापासूनच दया येते.

मी त्यांच्या चाळीत शेवटच्या खोलीत भाड्याने राहत होते. कर्जत-खालापुरात आमच्या संघटनेचं काम चालायचं, आणि काम म्हणजे मुख्यतः पत्रकं. रेशनवर पत्रक, रोजगार हमीवर पत्रक, कुलूप लागलेल्या दवाखान्यावर पत्रक. सायक्लोस्टाइलचं यंत्र माझ्याच खोलीत होतं, आणि त्याच्या खडखडाटाबद्दल एकट्या मालकांनी कधी तक्रार केली नाही, कारण अंगणात त्यांचा खडखडाट माझ्याहून मोठा होता.

सगळी चाळ त्यांना काका म्हणायची. मी म्हणत नसे. जो भाडं घेतो तो मालक. त्याला काका म्हणून गोंडा कशाला घोळायचा? मी तोंडावर 'मालक' म्हणायचे आणि त्यांना ते चक्क आवडायचं. तेही मला नावाने हाक मारत नसत. "ए पत्रक!" अशी अंगणातून आरोळी यायची, आणि रस्त्यावरची माणसं वळून बघायची.

अंगण म्हणजे स्मशान होतं. तिथे सिमेंटच्या पातळ फळ्या उभ्या केलेल्या असत, अंगठ्याएवढ्या जाड, दाराएवढ्या उंच. काही पश्चिमेकडे तोंड करून, काही उन्हात आडव्या. चाळ त्यांना पत्रे म्हणायची. "पत्रा नाही, पॅनेल!" असं मालक ओरडायचे. "घराला बाहेरून घालायचं कातडं!" ते शिकलेले इंजिनियर होते आणि ही गोष्ट ते कोणाला विसरू देत नसत. खोपोलीच्या बाजूला एका पत्र्याच्या कारखान्यात बरीच वर्षं मोठ्या हुद्द्यावर होते. तिथल्या पत्र्यांत अ‍ॅस्बेस्टॉसचा धागा घालत. तो धागा मजुरांच्या छातीत जाऊन बसतो, असं मॅनेजरच्या केबिनमध्ये ओरडून, दार आपटून ते घरी आले ते परत गेलेच नाहीत.

हे ऐकून माझं डोकंच फिरलं होतं. "एकट्याने दार आपटून काय होतं, मालक? सभा घ्यायची होती!"

"सभेला मी एकटाच आलो असतो."

"पत्रक तरी काढायचं!"

"मला दुसरा धागा काढायचा होता," ते म्हणाले. "शिव्या देणारे खूप आहेत. त्या जागी घालायचं काय, ते कोण सांगणार?"

त्यांचं सगळं आयुष्य त्या 'घालायचं काय'मध्ये चाललं होतं. मला त्यांनी ते एकदा समजावून सांगितलं, म्हणजे माझ्यावर खेकसून सांगितलं. सिमेंट दाबलं तर ऐकतं, वाकवलं की तुटतं. म्हणून त्यात धागा हवा. चीर पडली तरी धागा दोन्ही काठ धरून ठेवतो. पण कोणता धागा? सिमेंटमध्ये खार असतो, तो बहुतेक धाग्यांना आतून खातो. वरून ऊन, मग माथेरानच्या डोंगरावर आपटून खाली येणारा आपला पाऊस, मग पुन्हा ऊन. वर्षभर छान दिसणारं पॅनेल तिसऱ्या पावसात खडूसारखं मोडतं.

मोडलेलं प्रत्येक पॅनेल त्यांनी ठेवून दिलं होतं आणि त्याला नातेवाइकाचं नाव दिलं होतं. नुसतं नाव देऊन थांबले नव्हते, तेलरंगाने वर लिहिलं होतं. बिनधाग्याचं होतं ते 'मेव्हणा'. न सांगता तुटतो म्हणून. काथ्याचं होतं ते 'जावई'. पहिली दोन वर्षं कौतुक, पुढे काही उरत नाही म्हणून. होड्या बनवणाऱ्यांकडून आणलेल्या साध्या काचेच्या धाग्याचं होतं ते 'साडू'. रुबाब मोठा, आतून पोकळ. आणि सिमेंटमध्ये टिकेल अशी मुद्दाम बनवलेली काच निघालीय, ती मुंबईच्या एका मित्राच्या हातापाया पडून मिळवली, तिचं पॅनेल होतं 'वहिनी'. मालकांना लहानपणी थोरल्या वहिनींनी वाढवलं होतं. त्याबद्दल ते कधी बोलले नाहीत, पॅनेलवर मात्र लिहिलं.

एका दिवाळीला खरे मेव्हणे आले. चहाचा कप घेऊन अंगणात आले आणि 'मेव्हण्या'ला टेकायला गेले.

"टेकू नका," मालक म्हणाले.

"का? काय लिहिलंय हे?"

"तुमचंच नाव आहे. म्हणूनच टेकू नका."

पाहुणे फराळ न करता गेले. मालकिणीने आठ दिवस अबोला धरला. मालकांना तो पाचव्या दिवशी कळला.

आता पाण्याचं प्रकरण. हे मी अजून माफ केलेलं नाही. मे महिना. चाळीला नळ एक, तो सकाळी अर्धा तास करंगळीएवढा यायचा. आणि भर दुपारी, फळ्या तव्यासारख्या तापल्या की मालक त्यांच्यावर बादलीने पाणी मारायचे. चर्र आवाज व्हायचा. "उन्हातून एकदम पावसात. बघू द्या वहिनीला सवय होते का!" बायका दारात उभ्या राहून हळहळायच्या, पण घरमालकाला बोलणार कोण? मी बोलले. रातोरात पत्रक काढलं: 'माणसं तहानलेली, भिंती न्हालेल्या!' पहिली प्रत मालकांच्याच दाराला लावली.

त्यांनी ते अंगणाच्या मधोमध उभं राहून, पुढाऱ्याच्या आवाजात, अथपासून इतिपर्यंत मोठ्याने वाचलं. मग मला हाक. "ए पत्रक! भाषा झकास आहे. पण ह्यात मागणी कुठाय?"

"नळाचं पाणी पॅनेलवर घालायचं नाही, ही मागणी!"

"मान्य."

माझ्या अख्ख्या चळवळीत पहिल्या फटक्यात मान्य झालेली ही पहिली मागणी. दुसऱ्या दिवसापासून दुपारी मालक दारोदार फिरू लागले. "धुणं झालं का? पाणी ओतायचं नाही! साबणाचं चालेल!" बायका धुण्याच्या बादल्या पदराआड लपवायला लागल्या. माझं पत्रक त्यांनी 'वहिनी'वर खळ लावून चिकटवलं आणि जूनमध्ये पावसाने ते धुऊन नेलं तेव्हा मला मुद्दाम बोलावून दाखवलं.

"पत्रक गेलं. वहिनी आहे."

"पत्रक टिकायला नसतं, मालक. वाचायला असतं."

"हे बरं बोललीस," ते म्हणाले, आणि त्या महिन्याचं भाडं वाढवायचं म्हणत होते ते राहून गेलं.

अशा माणसाला मी आमच्या शाळेकडे नेलं नाही. तेच आले.

खालापूरच्या बाजूला डोंगराच्या पायथ्याशी एक वाडी आहे. तिथली शाळा एकच खोली, कच्च्या विटांच्या भिंती, मातीत रचलेल्या, वरून चुना. पाऊस पश्चिमेकडून झोडपतो, म्हणून पश्चिमेची भिंत दरवर्षी भिजायची. वाडीतली माणसं पेंढ्याचा आडोसा बांधायची, वारा तो उडवून न्यायचा. पोरं पूर्वेच्या भिंतीला चिकटून दाटीने बसायची. आम्ही दुरुस्तीचे अर्ज केले. उत्तर काय? 'तरतूद नाही.' पुन्हा अर्ज केले, तर उत्तर आलं की भिंत धोकादायक दिसते, पावसाळ्यात पाहणी करू, ओली आढळली तर शाळा बंद करून मुलं ओढ्यापलीकडच्या शाळेत पाठवू. कसला न्याय आहे हा! दुरुस्त करायची नाही आणि नादुरुस्त आहे म्हणून बंद करायची! ओढ्याला पूल नाही. जुलैत तो ओढा म्हैस वाहून नेतो. मुलगे कधीतरी गेले असते. मुली पहिल्याच आठवड्यात घरी बसल्या असत्या आणि परत कधी उठल्या नसत्या.

ह्यावर मी पत्रक छापत होते, तोंडाने अधिकाऱ्यांचा उद्धार चालू होता. मालक दारात येऊन उभे.

"भिंत कुठल्या तोंडाची?"

"पश्चिमेची. तुम्हाला काय त्याचं?"

"पश्चिमेची!" लग्नाचं आमंत्रण मिळाल्यासारखा त्यांचा चेहरा झाला.

मे महिनाभर त्यांनी अंगणात 'वहिनी'च्याच धाग्याची पॅनेलं ओतली. ओल्या गोणपाटाखाली ठेवली, तान्ह्या बाळासारखी जपली. मग टेंपोने रस्त्यापर्यंत आणि तिथून बैलगाडीने वाडीपर्यंत, पेंढ्यात उभी करून नेली. मालक गाडीबरोबर चालत होते आणि प्रत्येक खड्ड्याला गाडीवानाला शिव्या देत होते. गाडीवान शेवटी म्हणाला, "ओ मालक, बैलांना तरी सोडा. त्यांनी काय केलंय तुमचं?"

शाळेच्या भिंतीला त्यांनी लाकडी पट्ट्या ठोकल्या आणि पट्ट्यांवर पॅनेलं टांगली. भिंत आणि पॅनेल ह्यांच्यामध्ये चार बोटं जागा, खाली जोत्यापाशी मोकळी फट. वाडीतली माणसं जमली. अनुसयाकाकी सगळ्यांत पुढे. ह्या काकी म्हणजे वाडीतलं शेवटचं कोर्ट. त्यांच्या दोन नाती त्या शाळेत होत्या.

"म्हंजी पेंढ्याचा आडोसाच की हा," काकी म्हणाल्या. "सिमिटाचा."

"आडोसा नाही, बाई! भिंतीची छत्री आहे ही! छत्री कोणी अंगाला चिकटवून धरतं का? थोडं पाणी सांध्यांतून आत येणारच. येऊ दे! मागच्या मागे उतरेल. वारा खेळेल. भिंत कोरडी राहील!" 'बाई' एवढं काकींना, बाकी सगळं ते पट्टी ठोकणाऱ्या सुताराला ओरडून सांगत होते, हातोड्यांच्या ठोक्यांत. कोणाला किती ऐकू गेलं ते देव जाणे. संध्याकाळी जोत्याची डागडुजी करून उरलेलं अर्धं पोतं सिमेंट शाळेतच ठेवून आम्ही निघालो.

पाहणी जुलैत झाली. बांधकामाचे साहेब जीपने आले. आम्ही दोघं एस.टी.ने आणि पुढे चिखलातून. शाळेत शिरते तर काय! भिंत ओली होती. अशी तशी ओली नाही, चुना ओघळत होता. साहेबांनी तळहात लावला आणि रुमालाने पुसला.

"मागच्या वर्षीपेक्षा जास्त ओली आहे," ते म्हणाले. "ही पॅनेलं घालून तुम्ही उलट वाट लावलीत. गुरुजी, मुलांची नावं पलीकडच्या शाळेत द्या."

मी भाषण सुरू केलं. चांगलं भाषण होतं, पण ऐकलं कोणी नाही, कारण बाहेरून मालकांची किंकाळी आली.

धावत गेलो. मालक भर पावसात जोत्यापाशी उकिडवे बसले होते. खालची फट नाहीशी झाली होती. तिच्या जागी या टोकापासून त्या टोकापर्यंत सिमेंटचा गुळगुळीत पट्टा होता. घोटलेला, चमकणारा, आणि त्याच्यावर गेरूची सरळ लाल रेघ.

"हे कोणी केलं?"

"मी केलं," अनुसयाकाकी पुढे आल्या. "आमी बाया मिळून. दर साली पावसाआधी फटी लिपतोच. एवढी मोठी फट, उंदीर जातील, इरूळ-साप जाईल, पोरं बसत्यात तितं. तुमचंच सिमिट हुतं. सायेब येनार म्हून घोटून गेरूबी लावला. काय चुकलं?"

"बाई, तुम्ही माझ्या छत्रीला बूड बसवलंत! पिंप केलंत तिचं! सगळं पाणी आत उभं आहे!"

"मंग सांगायचं हुतं!" काकींचा आवाज त्यांच्याहून वर गेला. "फट मोकळी ठेवा म्हून आमाला कुनी सांगितलं? दिसभर आरडत हुतात त्या सुतारावर! घर लिपतं कोन? सुतार लिपतो का? आमी लिपतो. आमाला सांगायचं!"

मालक चिखलातून उठून काकींच्या समोर आले.

"खरं आहे," ते म्हणाले. "तुम्हाला सांगायला हवं होतं. आता फोडा."

काकींनी पहार कोणाच्या हातात दिली नाही. पदर खोचला, ती स्वतः उचलली आणि स्वतःच घोटलेल्या त्या सुंदर पट्ट्यावर पहिला घाव घातला. दुसऱ्या घावाला टवका उडाला आणि आतून गढूळ पाण्याची धार सुटली. थेट साहेबांच्या बुटांवर. बाया हसल्या. साहेब मागे सरले, पण धार थांबेना. भोकामागून भोक फोडत काकी दुसऱ्या टोकाला पोचल्या तरी पहिल्या टोकाचं पाणी वाहतच होतं.

"ठीक आहे, पाणी गेलं," साहेब म्हणाले. "पण भिंत ओलीच आहे. आणि हे असलं पातळ प्रकरण टिकणार किती? गुराने शिंग मारलं की संपलं."

मालकांनी काकींच्या हातातली पहार घेतली आणि जीपच्या ड्रायव्हरपुढे धरली. "मारा."

ड्रायव्हर साहेबांकडे बघायला लागला. साहेबांनी मान हलवली. त्याने मारली. थड्! पॅनेलवर केसासारख्या चिरा उठल्या. पुन्हा मारली. चिरा पसरल्या, मधे खळगा पडला. तिसऱ्यांदा दात ओठ खाऊन मारली. खळगा मोठा झाला, पण तुकडा पडला नाही. सगळं जागच्या जागी, धाग्यांनी धरलेलं.

"फुटलं," मालक म्हणाले. "पण पडलं का? खाली पोर बसलं असतं तर डोक्यात गेलं असतं का?"

साहेब वाकून बोटाने चिरा चाचपू लागले. आणि तिथे मालकांनी, जिंकत आलेला डाव हातात असताना, स्वतःहून बोलायला सुरुवात केली. ह्याच्यावर छप्पर ठेवायचं नाही. खिळा ठोकून फळा टांगायचा नाही. जिथे गाड्या घासतात, गुरं अंग घासतात, तिथे हे लावायचं नाही. खालची फट बुजवली तर काय होतं ते तुम्ही पाहिलंत. हे फक्त पाऊस आणि ऊन अंगावर घ्यायला आहे. तेवढं काम ते वर्षानुवर्षं करील. त्याहून जास्त कोणी सांगितलं तर तो खोटं बोलतोय.

मी त्यांचा सदरा ओढत होते. "मालक, आपल्या विरुद्धचे मुद्दे आपणच देतात का कोणी?"

"पत्रकात देत नाहीत," ते म्हणाले. "पावसात द्यावे लागतात."

साहेबांनी बूट आपटून चिखल झटकला. मग म्हणाले, "श्रावणात पुन्हा येतो. ओली असली तर मात्र ऐकणार नाही."

त्या मधल्या दिवसांत शाळा मारुतीच्या देवळात भरली. मालकांनी फुटलेलं पॅनेल बदललं आणि फटीला तारेची बारीक जाळी लावली, कारण उंदरांचं काकींचं बरोबरच होतं. ते त्यांनी कबूलही केलं, अर्थात ओरडूनच. ह्या खेपेला त्यांनी सुताराला बाजूला बसवलं आणि वाडीतल्या सगळ्या बायांना ओळीने उभं करून पाणी कुठून येतं, कुठे जातं ते तांब्याने ओतून दाखवलं. काकी जोत्यापाशी पहाऱ्याला बसल्या. फटीजवळ शेणाचा हात घेऊन कोणी नुसतं वाकलं तरी "ए, सरक तितनं!" असा आवाज यायचा.

साहेब आले त्याच्या आधी तीन दिवस आभाळ फाटल्यासारखं कोसळत होतं. श्रावण कसला, आषाढच परत आला होता. मी सारखी आभाळाकडे बघत होते. मालक मात्र खुशीत. "असाच पाहिजे! नाहीतर म्हणतील, पाऊसच नव्हता!"

गुरुजींनी शाळा भरवली होती, आणि मुली मुद्दाम पश्चिमेच्या भिंतीला पाठ टेकून बसवल्या होत्या. बाहेर पॅनेलांवर पाऊस ताशा वाजवल्यासारखा वाजत होता. दारात सगळी वाडी. साहेब आत आले. हात पुढे केला, मग कोण जाणे का, भिंतीला न लावता ते काकींच्या धाकट्या नातीसमोर वाकले.

"भिंत ओली लागते का गं?"

"नाय."

"थंड? दमट?"

"नाय वो, सायेब."

"खरं सांग. तुला कोणी शिकवलंय?"

पोरीला राग आला. ती उठली आणि त्यांच्याकडे पाठ करून उभी राहिली. तिच्या निळ्या झग्याची पाठ खांद्यापासून कमरेपर्यंत पांढरी झाली होती. कोरडा चुना. ओल्या भिंतीचा चुना असा निघत नाही, तो ओघळतो. हा पिठासारखा भुरभुरत होता. साहेबांनी बोटाने तो झटकला, तसा तो हवेत उडाला. मग शेजारची उठली, पाठ करून. मग तिच्या शेजारची. न सांगता सगळी ओळ उठून वळली आणि एका रांगेत सगळ्यांच्या पाठी पांढऱ्याशुभ्र.

"आता धुयाचं कुनी हे!" दारातून काकी ओरडल्या, आणि रडायलाच लागल्या.

साहेबांनी बोटांवरचा चुना पँटला पुसला आणि खिशातून पेन काढलं. "गुरुजी," ते म्हणाले, "बसवा मुलींना. वर्ग चालू करा."